लेखक कॉलेजात येणार असेल तर एक पान घेऊन जा

कॉलेजात लेखक आला की बहुतेक मुलं सही आणि सेल्फी घेऊन परततात. लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्या तासाभरात याहून मोलाचं काही मिळू शकतं: आपल्या पानावर अनुभवी हाताने मारलेल्या चार रेघा. त्यासाठी तयारी मात्र आठवडाभर आधी सुरू करावी लागते.

पाहुण्यांचं एक तरी पुस्तक पूर्ण वाचा. मलपृष्ठ आणि इंटरनेटवरचा परिचय वाचून विचारलेला प्रश्न लेखकाला लगेच ओळखू येतो. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तक नसेल तर पुणे नगर वाचन मंदिरात बघा. १८४८ पासूनची ही संस्था आहे. दुकानात न मिळणारं जुनं पुस्तक अशाच ठिकाणी सापडतं. वाचताना जिथे थांबावंसं वाटलं तिथे कागदाची पट्टी घाला आणि प्रश्न त्याच जागेवरून काढा.

‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?’ हा प्रश्न लेखकाने शेकडो वेळा ऐकलेला असतो, त्यामुळे उत्तरही पाठ झालेलं असतं. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. ‘या प्रकरणाचे खर्डे किती झाले? शेवटचा खर्डा पहिल्यापेक्षा लांब झाला की आखूड? काय काढून टाकलंत?’ अशा प्रश्नाला लेखक क्षणभर थांबतो, आठवतो आणि मग खरं सांगतो. तीन प्रश्न लिहून न्या. सभागृहात फार तर एकच विचारायला मिळेल, एखादा दुसरंच कोणी विचारून टाकेल, आणि उरलेला चहाच्या वेळी कामाला येईल.

आता त्या पानाविषयी. तीनशे ते साडेतीनशे शब्द, कागदाच्या एकाच बाजूला. अक्षर चौदा पॉइंटचं, ओळींमध्ये दुप्पट अंतर, डावीकडे चार सेंटिमीटर समास. प्रती दोन: एक त्यांच्या हातात, एक तुमच्या. चाळीस पानांची कथा घरी वाचायला देऊ नका, ती बहुधा पिशवीतच राहते. आधी संयोजक प्राध्यापकांना विचारून ठेवा आणि भाषणानंतर इतकंच म्हणा, ‘मॅडम, दोन मिनिटं असतील तर हे पान वाचाल का? जिथे कंटाळा येईल तिथे फक्त रेघ मारा.’ ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘छान आहे, लिहीत राहा’ हेच ऐकायला मिळतं, कारण पहिल्या भेटीत कोणाला दुखवावंसं वाटत नाही. रेघ मारताना तो संकोच आड येत नाही. शिवाय नेमकी जागा कळते.

रेघा कुठे पडतात ते पाहू. विद्यार्थ्यांच्या लेखांची सुरुवात पुष्कळदा अशी असते:

‘पुणे हे विद्येचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. मानवाच्या जीवनात पुस्तकांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. अशा या ऐतिहासिक शहरातील आप्पा बळवंत चौकात पुस्तके खरेदी करण्यासाठी विद्यार्थ्यांची प्रचंड गर्दी पाहायला मिळते.’

पहिली दोन वाक्यं पूर्ण जातात, कारण ती वाचकाला शाळेपासून पाठ आहेत. तिसऱ्यातलं ‘पाहायला मिळते’ बातम्यांतून आलेलं आहे. कोणी पाहिलं, कुठे उभं राहून, ते त्यातून कळत नाही. ‘प्रचंड’ला तर मापच नाही. उपाय एकच: वही घेऊन जूनमध्ये चौकात अर्धा तास उभं राहायचं. मग हाती असं काही येतं:

‘काउंटरवर एक बाई शाळेची यादी मोठ्याने वाचते आहे. “दुरेघी चार, चौरेघी दोन...” आतला माणूस वर न बघता वह्या काढतो. मागून रिक्षाचा हॉर्न वाजतो आणि अख्खी रांग एक पाऊल फुटपाथकडे सरकते.’

यात गर्दी हा शब्द नाही, पण गर्दी दिसते. वर्णन करायला अवघड जाणारी प्रत्येक जागा याच कसोटीवर घासून बघा.

काही शब्दप्रयोग जाणता लेखक हमखास खोडतो: ‘च्या माध्यमातून’, ‘करण्यात आले’, ‘असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही’. ‘करण्यात आले’ लिहिलं की कर्ताच गायब होतो. मग झाड कोणी तोडलं हे लेखात कुठेच राहत नाही. त्याहून जास्त आढळणारा दोष म्हणजे एका परिच्छेदात ‘केले, गेले, पुस्तके’ आणि पुढच्यात ‘केलं, गेलं, पुस्तकं’. दोन्ही रूपं चालतात, पण एक निवडून शेवटपर्यंत पाळायचं. संवाद मात्र माणूस बोलला तसाच ठेवा.

शुद्धलेखनाचा बाऊ नको आणि हेळसांडही नको. शासनमान्य नियम अठराच आहेत: १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये भर घातलेले चार. एका संध्याकाळी वाचून होतात. फोनवर टंकताना सर्वांत जास्त चुकतात ते ‘की’ (नेहमी दीर्घ), ‘आणि’ (नेहमी ऱ्हस्व) आणि प्रत्यय लागल्यावर बदलणारी रूपं: मूल पण मुलाला, विहीर पण विहिरीत.

भाषणाचं टाचण घेताना पान उभं दुमडा. डाव्या बाजूला त्यांचं म्हणणं, उजव्या बाजूला त्यावरून तुम्ही काय करून बघणार ते. वाक्य शब्दशः टिपलं असेल तरच अवतरणचिन्ह. आठवणीतून लिहिलेल्या वाक्याला ते लावणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालणं. ध्वनिमुद्रण विचारल्याशिवाय करू नका. नाव आणि आद्याक्षरं तिथेच विचारून घ्या, कारण नाव चुकलं की बाकीच्या लेखावरचाही विश्वास उडतो.

तथ्यांबाबत आणखी कडक राहा. घरातल्या आजी-आजोबांशी बोलून लिहिलेला लेख घ्या. आजीला पानशेतचा पूर आठवतो, घरात चढलेलं पाणी आठवतं, पण साल मागेपुढे होतं. आजीची आठवण तशीच ठेवा, तिला दुरुस्त करू नका; तारीख मात्र तुम्ही तपासून द्या: १२ जुलै १९६१, बुधवार. त्या दिवशी पानशेतपाठोपाठ खडकवासला धरणही फुटलं, हे लेखांतून बऱ्याचदा गळून जातं. प्रत्येक तारखेला दोन स्वतंत्र आधार हवेत. विकिपीडिया आणि विकिपीडियावरून उतरवलेली बातमी हे दोन आधार होत नाहीत.

भेटीनंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत ते पान पुन्हा लिहा, त्यानंतर रेघांचा अर्थ पुसट होत जातो. आधी एक पंचमांश शब्द काढा. मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि शेवटचा परिच्छेद झाकून बघा. बऱ्याच लेखांत तो नसला तरी काही बिघडत नाही.

कॉलेजात पाहुणे वर्षाला दोनदाच येत असतील तर शहराकडे बघा. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात भरते, आणि टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषदेत कार्यक्रम होत असतात. परीक्षा संपलेल्या असतात, तेव्हा पुढच्या रांगेत बसा. दिवाळी अंकाला लेख पाठवायचा असेल तर पान याच काळात तयार करा, कारण अंकांची जुळवाजुळव दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू होते. सोबत चार ओळींचं पत्र, शब्दसंख्या आणि फोन नंबर द्या. लेख ‘साभार परत’ आला तर तारीख टाकून फाईलला लावा, महिन्याने पुन्हा वाचा आणि कंटाळा येईल तिथे या वेळी रेघ स्वतः मारा.