ऑनर मोडमध्ये टिकायचं असेल तर एकाला कायम बाहेर ठेवा

बाल्डर्स गेट ३ या कॉम्प्युटर गेमचा ऑनर मोड ज्यांना सुरू करायचाय, किंवा ज्यांचा रन (पहिल्यापासून शेवटपर्यंतचा एक खेळ) दोनतीनदा मोडलाय आणि आता परत पहिल्यापासून नॉटिलॉइडवर, म्हणजे गेम सुरू होतो त्या जहाजावर, उठायचा कंटाळा आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी गोव्यातल्या डिचोलीचा. पहिला रन मृगाच्या पावसात सुरू केला, मधे दोन रन गेले, तिसरा पूर्ण झाला तेव्हा चवथ आठवड्यावर आली होती आणि घरात माटोळीचं सामान यायला लागलं होतं. सोबत माझा साखळीचा मावसभाऊ होता. तो खेळत नव्हता, बाजूला बसून बघत होता, पण खरं सांगायचं तर त्या रनमधलं अर्धं डोकं त्याचं आहे.

आधी मोड काय आहे ते थोडक्यात. गेम पीसीवर आला ३ ऑगस्ट २०२३ ला, ऑनर मोड नंतर आला, ३० नोव्हेंबर २०२३ च्या पाचव्या पॅचमध्ये. अख्ख्या गेमला एकच सेव्ह. पार्टीतली चारही माणसं पडली की ऑनर संपला, पुढे खेळायचं तर साध्या मोडमध्ये खेळा. शत्रूंची हिट पॉइंट (जीव मोजायचा आकडा) साधारण ३० टक्के जास्त, मोठ्या बॉसना लेजंडरी ॲक्शन, म्हणजे तुमच्या पाळीतच तो उठून काहीतरी करतो. शेवटपर्यंत पोचलात तर सोनेरी फासा मिळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी पहिला रन गमावल्यावर शिकलो. लढाईत रन तेव्हाच संपतो जेव्हा चौघंही पडतात. तिघं मेले आणि चौथा जिवंत आहे तर काहीही संपलेलं नाही. तो चौथा पळाला, लढाईतून सुटला, कॅम्पवर पोचला की तिथल्या विदर्सला (तो मेलेल्यांना उठवतो) माणशी २०० गोल्ड द्यायचे आणि तिघंही उठून बसतात, दरीत पडलेलेसुद्धा. म्हणजे खरा प्रश्न "ही लढाई जिंकू का" हा नाहीच, "ही लढाई हरलो तर कोण बाहेर पडणार" हा आहे, आणि त्याचं उत्तर लढाई सुरू व्हायच्या आधी ठरलेलं पाहिजे.

माझा पहिला रन गेला तो डोंगरवाटेवरच्या पुलापाशी, जिथे गिथयांकी या लढवय्या जमातीची टोळी उभी असते आणि तो ड्रॅगनवाला येऊन जातो. माझी लेव्हल चार होती. मी चौघांना एकत्र घेऊन सरळ बोलायला गेलो, बोलणं फिसकटलं, त्यांची पाळी आधी आली आणि दोन राउंडमध्ये तिघं जमिनीवर. चौथी शॅडोहार्ट, ती त्यांच्या बरोब्बर मधोमध उभी. पळायला जागाच नाही. तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला, "एकल्याक भायर दवरपाचो रे." एकाला बाहेर ठेवायचा होतास. तो फुटबॉल खेळतो, त्याचं म्हणणं असं की कॉर्नरला सगळी टीम पुढे गेली तरी गोलकीपर मागे राहतोच, मग तू चौघांना गोलपोस्टात का नेतोस. त्या दिवसापासून मी एकाला ग्रुपमधून वेगळं करतो, लांब, शत्रूच्या नजरेबाहेर उभं करतो, आणि मगच बाकीचे तिघं पुढे जातात. लढाई सुरू झाली तरी लांबचा लढाईत ओढला जात नाही. जिंकतोय असं दिसलं तर त्याला आत आणा, कोणी अडवलं नाहीये. त्याच्याकडे इन्व्हिजिबिलिटीचं पोशन, मिस्टी स्टेपचा (क्षणात दुसरीकडे उडी मारायचा) स्क्रोल आणि रिव्हिविफायचे (मेलेल्याला उठवायचे) दोन स्क्रोल कायम. हे सामान विकायचं नाही, कितीही पैसे कमी असले तरी.

त्या पुलापाशी लेव्हल पाचच्या आधी जाऊच नका. पाचव्या लेव्हलला फायटरला दुसरा अटॅक मिळतो, विझर्डला फायरबॉल, आणि गेम एकदम वेगळा होतो. चौथी लेव्हल आणि पाचवी लेव्हल यात जेवढा फरक आहे तेवढा सातवी-आठवीत नाही.

दुसरी गोष्ट पाळीची. या गेममध्ये इनिशिएटिव्हला (पाळी कोणाची आधी ते ज्यावर ठरतं) वीस बाजूंचा फासा नसतो, चार बाजूंचा असतो, त्यात डेक्स्टेरिटीचा मॉडिफायर मिळवायचा. चारच्या फाशात नशिबाला वाव किती? फारच थोडा. म्हणून अलर्ट हा फीट (काही लेव्हलला निवडता येणारं खास कौशल्य), जो पाच मिळवून देतो, तो इथे जवळजवळ दरवेळी पहिली पाळी देतो, शिवाय तुम्हाला कोणी बेसावध पकडू शकत नाही. लेव्हल चारला बरेचजण आकडे वाढवायचा फीट घेतात, मी म्हणतो निदान दोघांना अलर्ट द्या, त्यातला एक असा हवा जो शत्रूला थांबवू शकतो, होल्ड पर्सन, हिप्नॉटिक पॅटर्न असलं काहीतरी. शत्रू जागचा हललाच नाही तर त्याची ३० टक्के जास्त हिट पॉइंट आपल्याला काय करणार? डॅमेजच्या मागे लागलेला रन पटकन मरतो, शत्रूची पाळी खाणारा रन टिकतो.

हेस्टवर, म्हणजे जादा ॲक्शन देणाऱ्या मंत्रावर, भरवसा ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. साध्या मोडमध्ये हेस्टच्या जादा ॲक्शनमध्ये एक्स्ट्रा अटॅकही मिळायचा, ऑनरमध्ये एकच वार मिळतो. आणि मंत्र टाकणाऱ्याचं कॉन्सन्ट्रेशन तुटलं की ज्याच्यावर हेस्ट होतं तो एक पाळी लुळा पडून राहतो. बॉससमोर आपला सगळ्यात तगडा माणूस एक पाळी गप्प उभा, हे मी दोनदा बघितलंय, परत बघायचं नाहीये.

त्यापेक्षा एलिक्सर प्या. ग्रोव्हमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या जंगलातल्या वस्तीत, आंटी एथेल बसते ती हिल जायंटचं एलिक्सर विकते, स्ट्रेंग्थ २१ होते, पुढच्या लाँग रेस्टपर्यंत (कॅम्पवरची रात्रभराची झोप) टिकते. दुकानदारांचा माल लाँग रेस्टनंतर परत भरतो, म्हणून ती तिथे आहे तोवर दर खेपेला जाऊन उचला. म्हातारी काय आहे ते पुढे कळेलच, पण तोवर तिचा माल सोडू नका.

लाँग रेस्टला ८० सप्लाय लागतात, साध्या मोडच्या दुप्पट, म्हणून लोक कंजूषपणा करतात आणि अर्ध्या ताकदीने पुढच्या लढाईत शिरतात. असं करू नका. दिसेल ती पेटी उघडा, भाकरी, मासे, चीज, दारूची बाटली, सगळं कॅम्पवर पाठवा. मी पूर्ण रनमध्ये कधी उपाशी राहिलो नाही. फक्त काही गोष्टी रेस्टबरोबर पुढे सरकतात, उदाहरणार्थ ती जळणारी सराय, तिच्याजवळ पोचलात तर आतल्यांना आधी बाहेर काढा आणि मग झोपा, नाहीतर सकाळी उशीर झालेला असतो.

आता बोलण्याबद्दल, कारण माझा दुसरा रन लढाईत नाही, तोंडाने गेला. क्रेशमध्ये, म्हणजे गिथयांकींच्या तळावर, त्यांची राणी व्लाकिथ समोर येते, प्रचंड मोठी, आणि हुकूम देते. मला तिचा राग आला होता, माझ्या पार्टीतल्या गिथयांकी लेझेलसाठी वाईट वाटत होतं, मी उलट उत्तर दिलं, तिने परत विचारलं, मी परत नाही म्हटलं. तिने विश हा मंत्र वापरला आणि संपलं. लढाई नाही, फासा नाही, काही नाही. पहाटेचे साडेपाच, रात्रभर खेळलो होतो, स्क्रीनवर रनचा हिशोब आलेला आणि बाहेर पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजत वाजत पुढे गेला. तो आवाज आला की अजूनही मला ती स्क्रीन दिसते. तेव्हा देव, राण्या, असले कोणी समोर आले की पहिल्यांदा हो म्हणा, तिथून बाहेर पडा, मग काय करायचं ते करा. आणि बोलायला जाणारा माणूस ठरलेला ठेवा, करिष्मावाला, त्याच्यावर गायडन्स टाकलेलं (चेकला एक चार बाजूंचा फासा मिळतो), आणि इन्स्पिरेशनचे पॉइंट (त्यांनी फासा परत टाकता येतो) फालतू कुलपांवर उडवू नका. चारच साठवता येतात, ते अशा जागांसाठी.

लढाया सगळ्या सांगत बसत नाही, दोनतीनच. व्हिस्परिंग डेप्थ्समधली मोठी कोळीण, ती जाळ्यांवर उभी राहते. तिच्या पायाखालचं जाळं आगीच्या बाणाने तोडा, ती खाली आपटते आणि पडण्याचंच भरपूर लागतं. वर चढून तिच्याशी मारामारी करायला जाऊ नका. आणि एकंदरच या गेममध्ये उंची बघत चला, तुम्ही ढकलू शकता तसं शत्रू पण ढकलतात, कड्याच्या काठाला माणूस उभा करून पाळी संपवायची नाही. ग्रिम, ॲडमंटाईन भट्टीतला तो धातूचा राक्षस, ज्याने शेवटचं मारलं त्याच्याच मागे येतो, म्हणून भट्टीचा मोठा हातोडा पडतो तिथे त्याला ओढायला कोण उभा राहणार ते ठरवून त्यानेच शेवटचा बाण मारायचा. ती लढाई ऐच्छिक आहे पण त्यातून मिळणारं ॲडमंटाईन स्प्लिंट आर्मर क्रिटिकल (नेहमीपेक्षा जबर लागणारा वार) लागूच देत नाही, आणि ऑनरमध्ये बहुतेक माणसं क्रिटिकलनेच मरतात, तेव्हा माझं मत, कराच.

पण ज्या लढाईसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती लास्ट लाइट इन या सरायीतली, तिथल्या इझोबेलला वाचवायची. इथे तुमचा रन संपणार नाही कदाचित, पण इझोबेल पडली तर तिने धरून ठेवलेला चंद्रप्रकाश जातो, अंधाराचा शाप आत येतो आणि सरायीतली माणसं, ज्यांना तुम्ही ग्रोव्हपासून वाचवत आलात, तीच उठून तुमच्या अंगावर येतात. मावसभाऊ तेव्हा उठून बाहेर पडवीत जाऊन उभा राहिला होता, त्याला बघवेना. म्हणून सरायीत पोचलात की वर जाऊन तिच्याशी लगेच बोलायचं नाही. आधी रेस्ट घ्या. मग तिघांना वरच्या खोलीत नेऊन जागा ठरवून उभे करा, तिच्या जवळ, बाल्कनीच्या बाजूला एक. चौथा खाली, बाहेर, नेहमीप्रमाणे. आशीर्वाद, शील्ड ऑफ फेथ, जे काही आधी टाकता येतं ते टाका. मग बोला. तिला पळवायला मार्कस येतो, त्याचे पंखवाले येतात, पहिल्याच पाळीत इझोबेलवर सँक्च्युअरी टाका म्हणजे तिच्यावर सरळ वार करता येत नाही, तिने स्वतः हल्ला केला तर ते उडतं, तेव्हा पुढच्या पाळीला परत लक्ष द्या. मार्कसला मारत बसण्यापेक्षा तिच्या शेजारच्याला आधी मारा. माझ्या तिसऱ्या रनमध्ये ती पाच हिट पॉइंटवर उभी राहिली आणि शेवटचा पंखवाला पडला तेव्हा आम्ही दोघं काही बोललोच नाही, आतून आई विचारत होती जेवायला येताय की नाही.

आपल्याकडची एक अडचण सांगतो जी बाहेरच्या गाईडमध्ये कुठे मिळणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लाईट जाते, कधी पाच मिनिटं कधी संध्याकाळभर, आणि इथे सेव्ह एकच. डेस्कटॉपवर खेळत असाल तर साधा लहान यूपीएस घ्या, दहा मिनिटं पुरे. लाईट गेली की लढाई पुरी करायच्या मोहात पडू नका, सेव्ह करा, गेम नीट बंद करा. ढगांचा गडगडाट जवळ आला की मी बॉसची लढाई सुरूच करायचो नाही, कॅम्पवर सामान लावत बसायचो.

प्रत्येक बॉसला लढाईच्या सुरुवातीला एक्झामिन करून त्याची लेजंडरी ॲक्शन वाचा. काय केलं की तो उठतो, ते तिथेच लिहिलेलं असतं, आणि बरेचदा ते टाळता येतं. दोन मिनिटं जातात फक्त.

शेवटच्या चढाईसाठी निघायच्या आधी पूर्ण रेस्ट, चौघांना एलिक्सर, आणि ग्लोब ऑफ इन्व्हल्नरेबिलिटी, विझर्ड लेव्हल अकराला शिकतो किंवा स्क्रोल मिळाला तर जपून ठेवा. वर मेंदूवर (गेमचा शेवटचा शत्रू) कोणीतरी एक जागी उभं राहून काम करत असतं आणि सगळे त्याच्यावर तुटून पडतात, तेव्हा त्याच्याभोवती तो गोळा टाकला की आतल्याला डॅमेज लागत नाही. फक्त शत्रू गोळ्याच्या आत येऊ शकतो आणि आत आला की त्यालाही लागत नाही, म्हणून बाकीचे दोघं कडेला उभे राहून येणाऱ्याला बाहेर ढकलायचे. आणि चौथा, तो आमच्यात ॲस्टेरियन होता, तो तिथेसुद्धा लांब मागे, इन्व्हिजिबल, एक पोशन प्यालेला आणि एक खिशात.