गावातल्या कवीच्या वह्या रद्दीत जायच्या आधी

बहिणाबाई चौधरींना लिहिता वाचता येत नव्हतं हे तर सगळ्यांना माहितीये, मग गाणी आपल्यापर्यंत आली कशी? मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ऐकून ऐकून उतरवून घेतली म्हणून. १९५१ ला बहिणाबाई गेल्या, मग ती गाणी सोपानदेवांनी अत्र्यांना दाखवली आणि १९५२ ला पुस्तक आलं. जेवढं कागदावर आलं तेवढ्याच बहिणाबाई आपल्याला मिळाल्या, बाकीचं जात्याबरोबर गेलं.

म्हणून सांगतो भो, तुमच्या घरात कोणी लिहिणारं होऊन गेलं असेल तर माळ्यावरची पत्र्याची पेटी दिवाळीच्या साफसफाईत काढायच्या आधी हे वाचा.

पेटी उघडली की पहिलं काम म्हणजे काहीच करायचं नाही. आधी मोबाईलवर फोटो काढा, कुठला कागद कशाखाली होता ते दिसलं पाहिजे. आपल्याला लगेच कविता एकीकडे, पत्रं एकीकडे, हिशोबाचे कागद कचऱ्यात असं करायची खुमखुमी येते, पण माणसाने ठेवलेला क्रम हीच माहिती असते. आमच्या काकांच्या एका अहिराणी कवितेवर तारीखच नव्हती, पण ती लिहिली होती कापसाच्या काटापट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूला आणि पुढं वजन, भाव, तारीख सगळं छापील! हिशोब म्हणून फेकली असती तर गेलंच होतं.

मी स्वतः माती खाल्लीये ती पण सांगतो. चार वह्या सुट्ट्या झाल्या म्हणून बाइंडिंगला दिल्या, त्या भल्या माणसाने कडा मशीनवर सरळ कापून एकदम गुळगुळीत करून दिल्या आणि समासात काकांनी बारीक पेन्सिलीने लिहिलेले पर्यायी शब्द अर्धे अर्धे गेले. तेव्हा बाइंडिंग नको, लॅमिनेशन तर अजिबातच नको, सेलोटेप पण नको, दहा वर्षांनी तिचा पिवळा डाग राहतो. गंजलेल्या पिना हळूच काढा. नंबर टाकायचा तर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने. गठ्ठा धुतलेल्या मांजरपाटात बांधा, जुनी दप्तरं बांधायचे तसं, आणि पत्र्याखाली ठेवू नका, आपल्याकडचा मे महिना काय असतो ते सांगायला नको. पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर, वाळवी बघा.

उतरवून घेताना भाषा 'सुधारू' नका. अहिराणी असो का लेवा बोली, जसं लिहिलंय तसंच टाइप करा, चूक वाटली तर टीप वेगळी लिहा. खोडलेले शब्द पण घ्या. पक्की प्रत छापायला बरी असते पण कवी समजतो तो खाडाखोडीत, असं आपलं माझं मत.

मग हे द्यायचं कुठं? धुळ्याला जाऊन या एकदा. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडं, म्हणजे हस्तलिखितांचे गठ्ठे आहेत, समर्थांच्या हातचं वाल्मीकि रामायण तिथं आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठोमठी फिरून हे गोळा केलं नसतं तर रामदासांवर आज आपण कशाच्या आधारावर बोललो असतो? राजवाडे संशोधन मंडळ पण तिथंच, इतिहासाचार्य राजवाडे गेल्यावर १९२७ ला सुरू झालेलं. पण कुठंही द्या, आधी यादी करा, एकेका कागदाची, दोन प्रती, आणि पोच सहीशिक्क्यानिशी घ्या. "ठेवा इथं, बघतो" असं म्हणणाऱ्याकडे पेटी सोडून यायचं नाही. स्कॅन करून एक प्रत स्वतःकडे, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे.

आणि एक, पत्रांचं. काकांनी कोणाला पाठवलेलं पत्र ज्याला मिळालं त्याचा फक्त कागद, मजकुराचा हक्क काकांचा आणि नंतर वारसांचा, लेखक हयात असताना छापलं नसेल तर पहिल्यांदा छापल्यापासून पुढची ६० वर्षं. म्हणजे संग्राहकाकडे पत्र आहे म्हणून त्याला ते छापता येईलच असं नाही, उलट तुम्हाला पण त्याच्या दारात जाऊन नम्रपणे बघायला मागावं लागतं.

घरगुती भांडणाची, कोणाच्या बदनामीची पत्रं निघाली तर जाळू नका, पाकिटात घालून वर 'अमुक सालापर्यंत उघडू नये' लिहा. मोठ्या संस्था पण असंच करतात. आमच्या पेटीत काकूंनी शिवून बंद केलेला एक लखोटा निघाला, काकू अजून आहेत, विचारलं तर म्हणाल्या, "माले मरू दे मंग उघड." यादीत त्याला ४७ नंबर दिलाय.