पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जाताय? आधी एवढं जवळ ठेवा

सगळ्यात आधी एक सांगते, प्रसंग अजून चालूच असेल, कोणी दारात उभं राहून धमकावतंय, मारहाण होतेय, तर यादीबिदी काही नाही, सरळ 112 लावा, पत्ता आणि जवळची खूण सांगा. बाकी सगळं नंतर. आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930, तेही त्याच मिनिटाला, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पळवतात आणि एकदा एटीएममधून काढले की अडवायला काही उरत नाही. घरचे काय म्हणतील हा विचार फोन झाल्यावर करा. यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा बँकेचा नंबर), कोणत्या खात्यातून किती वाजता किती गेले, समोरच्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी हे हाताशी ठेवा, तक्रारीचा नंबर मिळतो तो लिहून घ्या, आणि कृपा करून चॅट डिलीट करू नका, लाज वाटते म्हणून माणसं नेमका तोच पुरावा पुसून टाकतात.

अंगाला मार असेल तर आधी सरकारी दवाखाना. ठाण्यात गेलात तर पोलीस मेडिकलसाठी यादी, म्हणजे दवाखान्याच्या नावे चिठ्ठी, देतात आणि तिथे पाठवतात, पण जखम मोठी असेल तर कशाची वाट न बघता थेट दवाखान्यात जा, मारहाणीची केस आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ते पोलिसांना कळवतात. हे कागद का महत्त्वाचे, तर साधी मारहाण कायद्यात अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस आपणहून तपास करत नाहीत, नुसती नोंद होते, तिलाच एनसी म्हणतात, आणि हाड मोडलं किंवा चाकू-कोयता अशा हत्याराने मारलं असेल तर तो गुन्हा दखलपात्र होतो, एफआयआर होतो. म्हणून कशाने मारलं आणि कुठे कुठे लागलं हे डॉक्टरांना एकेक सांगायचं, दुखतंय पण दिसत नाही तेही सांगायचं, आणि जखमांचे फोटो त्या दिवशी आणि काळंनिळं पडल्यावर परत काढायचे.

लैंगिक अत्याचाराची घटना असेल तर शक्य झालं तर अंघोळ आणि कपडे धुणं थांबवा, अंगावरचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल राहते आणि खराब होतात. पण अंघोळ झाली असेल तर आता काय उपयोग असं म्हणून घरी बसू नका, तरीही जा. एफआयआर आधी झालाच पाहिजे अशी अट नाही, आणि सरकारी काय, खासगी काय, प्रत्येक हॉस्पिटलला तातडीचे उपचार फुकट द्यावेच लागतात, नाही दिले तर तो त्यांचा गुन्हा. तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. मूल असेल तर पोक्सो कायद्यानुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घेतात आणि अधिकारी वर्दीत नसतात, हे तुम्ही आधीच मागा, कोणी आपणहून सांगेलच असं नाही. आणि पीडितेचं नाव, फोटो, शाळेचं नाव फॅमिली ग्रुपवरसुद्धा टाकू नका, ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे.

आता अर्ज, ज्यासाठी मी मुख्य लिहितेय. लोक हात हलवत जातात आणि समोर बसलेल्या अंमलदाराला तोंडी सांगतात, माणूस घाबरलेला असतो, मधलंच आधी सांगतो, शेवटचं राहून जातं, आणि कागदावर उतरतं ते दुसऱ्याच्या शब्दांत. मग दोन-तीन वर्षांनी कोर्टात उलटतपासणीत वकील विचारतो की हे फिर्यादीत का नाही आलं. म्हणून जाण्याआधी घरीच, शांत बसून, मराठीत, साध्या भाषेत लिहा, वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे. तारीख, वेळ (नक्की आठवत नसेल तर साडेआठच्या सुमारास असं), जागा, काय झालं ते क्रमाने, कोण होतं, नाव माहीत नसेल तर उंची, कपडे, गाडीचा रंग, नंबरातले आठवतील तेवढे आकडे. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आणि कोणाकडून ऐकलेलं हे वेगळं वेगळं लिहा. राग आहे म्हणून वाढवून लिहू नका, एक गोष्ट खोटी निघाली की बाकी खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. शिव्या दिल्या असतील तर अश्लील शिवीगाळ असं मोघम न लिहिता जे बोलले तेच शब्द लिहा, जातीवरून बोलले असतील तर ते तर नक्कीच, कारण अॅट्रॉसिटी लागणार की नाही ते त्या शब्दांवर, आणि कुठे, कोणाकोणासमोर बोलले त्यावर ठरतं. उशीर झाला असेल तर का झाला तेही लिहा, दवाखान्यात होतो, धमकी होती, घरचे नको म्हणत होते, जे खरं ते. दोन प्रती काढा, खाली सही, मोबाईल नंबर.

वस्तू गेली असेल तर बिल शोधा, आणि याला कंटाळू नका. 2024 च्या 1 जुलैपासून भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, या नव्या कायद्यांत 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र केलीय, म्हणजे किंमत किती लिहिली जाते त्यावर तपास होणार की नुसती नोंद हे ठरू शकतं. मोबाईलचं बिल किंवा खोका, त्यावर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा नंबर, असतो. दागिन्याची पावती नसेल तर लग्नातला फोटो. आणि मोबाईल हातातून हिसकावून नेला असेल तर कागदावर 'गहाळ' लिहू देऊ नका, गहाळ म्हणजे तुमच्याकडूनच कुठेतरी पडला, त्यात आरोपीच नाही मग शोधणार कोणाला. हिसकावून नेणं हा नव्या कायद्यात स्वतंत्र, दखलपात्र गुन्हा आहे. "लवकर सिमकार्ड मिळेल, गहाळमध्ये करून टाकू" असं गोड बोलून सांगितलं तरी नाही म्हणा. मी पाहिलंय, थकलेला माणूस हो म्हणतो आणि मग विम्याच्या वेळी अडकतो.

सीसीटीव्हीचं काम तर ठाण्यात जाण्याआधीच किंवा कोणाला तरी पाठवून त्याच दिवशी करा, दुकानदाराला, सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगा की एवढ्या वेळेचं फुटेज काढून ठेवा, कारण थोड्या दिवसांनी जुन्यावर नवं चढतं. तुमच्याच मोबाईलमधला व्हिडिओ असेल तर मूळ फाईल तशीच ठेवा, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली कॉपी वेगळी. मोबाईलच मुद्देमाल म्हणून, म्हणजे पुराव्याची वस्तू म्हणून, जमा होऊ शकतो, त्यामुळे नंबर आणि कागद आधी दुसरीकडे काढून घ्या.

बाकी सोबत आधारची झेरॉक्स, पेन, पाण्याची बाटली, चार्जर, औषधं चालू असतील तर ती, कारण तीन-चार तास सहज जातात, आणि एक शांत डोक्याचा माणूस. भांडखोर नको. तो माणूस वेळ, अधिकाऱ्याचं नाव आणि छातीवरची नेमप्लेट बघून लिहून ठेवेल.

आत गेल्यावर "आमच्या हद्दीत येत नाही" हे ऐकू येईल. दखलपात्र गुन्हा असेल तर हद्द कोणतीही असो, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला एफआयआर, घ्यावा लागतो, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपासाची आणि खटल्याची पद्धत ठरवणारा नवा कायदा) 173 कलमातच लिहिलंय, आणि त्याआधी 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर बंधनकारक असं सांगितलंच होतं. एक खरं आहे, 3 वर्षांपासून 7 वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळे चौकशी लावली म्हटल्यावर लगेच चिडू नका, परवानगी घेतली का आणि 14 दिवस कधी संपतात ते विचारा. ऑनलाइन तक्रार पाठवली असेल तर 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते, हे बरेच जण विसरतात.

लिहून झालं की वाचून दाखवायला सांगा, चूक असेल तिथे दुरुस्ती करून घ्या, मगच सही. निघताना हातात काय आहे ते बघा. एफआयआर असेल तर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि प्रत, प्रत फुकट मिळते. एनसी असेल तर तिचा नंबर, पण त्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत हे डोक्यात ठेवा. नुसता अर्ज असेल तर तुमच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर, म्हणजे पोच. पोच न घेता घरी येऊ नका.

घेतलीच नाही तक्रार, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने एसपींना (जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना) पाठवा, मुंबई-पुणे-नागपूरसारख्या आयुक्तालयात त्या परिमंडळाच्या उपायुक्तांना, पावती जपून ठेवा. तरी काही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं, आणि तिथे तीच पोस्टाची पावती कामी येते. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. प्रत्येक जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत, फोन 15100.

घरात ठेवायची एक फाईल करा. तपासी अंमलदाराचं नाव-नंबर, प्रत्येक वेळी काय बोलणं झालं त्याची तारीख. 90 दिवसांत तपास कुठवर आला हे पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं, तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. पुरवणी जबाब, म्हणजे तपासात नंतर घेतलेला जादा जबाब, घेतला आणि सही मागितली नाही तर गडबडू नका, त्यावर सही घ्यायचीच नसते. बायकांना, 60 वर्षांवरच्यांना, आजारी किंवा अपंग माणसांना जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, ते घरी येऊन घेऊ शकतात.

याच फाईलमध्ये बँक पासबुकाची झेरॉक्स आणि दवाखान्याची सगळी बिलंही टाका, कारण नुकसानभरपाईचा अर्ज वर सांगितलेल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच करायचा असतो. बलात्कार, पोक्सो, अॅसिड हल्ला यासाठी आपल्याकडे 2013 पासून मनोधैर्य योजना आहे, घटनेनुसार 10 लाखांपर्यंत मदत मिळते, बाकी गंभीर गुन्ह्यांतल्या पीडितांसाठी वेगळी भरपाई योजना आहे. आरोपी सापडलाच नाही तरी हा अर्ज करता येतो. निकाल लागेपर्यंत थांबायचीही गरज नाही, एफआयआरची प्रत हातात आली की त्याच आठवड्यात जाऊन फॉर्म मागा.