क्रेडिट, पण कुणाच्या वहीत?

बी.कॉम. झाल्यावर मी सांगलीत एका कर सल्लागारांकडे लागलो. पहिल्याच आठवड्यात एका सूत व्यापाऱ्याचं बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे पासबुक आणि वहीतल्या नोंदी जुळवण्याचं काम, हातात आलं. पासबुकात जिथं क्रेडिट, तिथं टॅलीत, म्हणजे संगणकावरच्या व्यापाऱ्याच्या वहीत, डेबिट. पानामागून पान तसंच. आधीच्या मुलानं सगळं उलटं टाकलंय, अशी खात्री पटून मी प्रिंटआउटवर लाल पेनानं ३७ खुणा केल्या आणि ऐटीत सरांसमोर ठेवल्या. सर एवढंच म्हणाले, "पासबुक ही कुणाची वही?"

बँकेची. आपण भरलेले पैसे बँकेला आपल्याला परत द्यायचेत, म्हणून ती आपलं खातं क्रेडिट करते, म्हणजे जमा. आपल्या वहीत बँकच आपलं देणं लागते, म्हणून बँक खातं डेबिट, म्हणजे नावे. ‘घेणारा डेबिट, देणारा क्रेडिट’ हे मला झोपेतही पाठ होतं. उपयोग शून्य!

क्रेडिट या शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ विश्वास ठेवणे. आपल्याकडे त्यालाच पत म्हणतात, म्हणून पतपेढी. बाजारात ‘क्रेडिटवर दिला’ म्हणजे उधार दिला. क्रेडिट नोट ऐकून मात्र नवी मुलं पैसे आले असं समजतात. माल परत आला की विकणारा ती काढतो आणि तेवढी गिऱ्हाइकाची उधारी कमी होते; रोकड हलतच नाही.

जीएसटीत तर गंमतच. इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची मिळणारी वजावट, आपल्या वहीत डेबिट शिल्लक दाखवतं, कारण ते सरकारकडचं आपलं येणं. पोर्टलवरची क्रेडिट लेजर सरकारच्या बाजूनं लिहिलेली, म्हणून तिथं तीच रक्कम क्रेडिट. नुसतं बिल हातात आहे म्हणून क्रेडिट घेऊ नका. १ जानेवारी २०२२ पासून ते बिल जीएसटीआर-२बी मध्येही, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणाऱ्या आपल्या यादीतही, दिसावं लागतं. या एका गोष्टीवर आमच्याकडे सर्वांत जास्त फोनाफोनी होते.

कॅश क्रेडिट, म्हणजे आमच्या भाषेत सीसी, नावात दोन्ही गोड शब्द असूनही कर्जच. व्यापाऱ्याच्या वहीत तिथं क्रेडिट शिल्लक दिसली, तर खूश होऊ नका.

माझी ती लाल खुणांची प्रत सरांनी फाडू दिली नाही. नवा मुलगा रुजू झाला की पहिल्या दिवशी तीच काढतात.