नकाशावर हजारो ठिपके आणि प्रत्येकावर क्लिक

वेब नकाशांच्या कामात येऊ पाहणाऱ्यांना मी आधी लीफलेट शिकायला सांगतो. व्होलोदिमिर अगाफोनकिन यांनी 2011 मध्ये आणलेली ही लायब्ररी, म्हणजे वेब नकाशांसाठीचा तयार जावास्क्रिप्ट कोड, आटोपशीर आहे. नागपूरच्या सीताबर्डीवर नकाशा उघडायचा, दहा मार्कर (जागेच्या खुणा) टाकायचे, प्रत्येकाला पॉपअप जोडायचा, संध्याकाळपर्यंत जमतं. खरी परीक्षा ठिपके हजारांत गेल्यावर होते.

माझ्याकडे काटोल-नरखेड भागातल्या संत्राबागांचं काम आलं. एक बाग म्हणजे एक ठिपका, आणि क्लिक केलं की गट नंबर, झाडांचं वय, बहार आंबिया की मृग, डिंक्या रोग दिसला का, एवढं उघडलं पाहिजे. लीफलेटचा नेहमीचा मार्कर हे पानावरचं स्वतंत्र चित्र असतं. अशी हजारो चित्रं झाली की झूम करताना प्रत्येकाची जागा नव्याने ठरवावी लागते आणि साध्या फोनवर नकाशा अडखळतो. म्हणून सर्कलमार्कर, म्हणजे साधी रंगवलेली वर्तुळं, वापरायचे आणि नकाशा तयार करतानाच प्रीफरकॅनव्हास हा पर्याय चालू करायचा. मग सगळे ठिपके एकाच कॅनव्हासवर रंगतात.

आता क्लिक कोण ओळखतं, हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. कॅनव्हास हे ब्राउझरच्या दृष्टीने एकच चित्र. त्यात वर्तुळं आहेत हे त्याला ठाऊकच नसतं. बोट कुठे टेकलं ते पाहून लीफलेट स्वतः एकेक वर्तुळ तपासतं, आणि त्या जागी एकापेक्षा जास्त सापडली तर सर्वांत शेवटी रंगवलेल्याला क्लिक देतं. खाली झाकलेल्या बागेला क्लिक मिळतच नाही. त्यामुळे डिंक्या लागलेल्या बागा मी मुद्दाम शेवटी रंगवतो. त्याच आधी उघडायला हव्यात.

दुसरी गोष्ट बोटाची. माउसला सहा पिक्सेलची त्रिज्या पुरते, पण बागेत उभं राहून अंगठ्याने दाबणाऱ्या शेतकऱ्याला नाही. कॅनव्हासवर रंगवणाऱ्या लीफलेटच्या भागाला, म्हणजे कॅनव्हास रेंडररला, टॉलरन्स नावाचा पर्याय असतो, तो मुळात शून्य असतो. तो वाढवला की ठिपका मोठा न करताही आसपासचा स्पर्श धरला जातो. एवढ्या एका आकड्याने नकाशा वापरण्याजोगा होतो.

पॉपअप मात्र प्रत्येक ठिपक्याला वेगळा बांधू नका. जिओजेसन (नकाशाची माहिती मजकुरात लिहायची पद्धत) मधून आलेल्या ठिपक्यांच्या संपूर्ण थराला एकच पॉपअप द्या आणि मजकुराच्या जागी फंक्शन द्या. ज्या ठिपक्यावर क्लिक होईल त्याचाच मजकूर त्या क्षणी तयार होतो.

जवळजवळचे ठिपके एका गोलात गोळा करणारं मार्करक्लस्टर हे लीफलेटचं प्लगइन सगळेच सुचवतात. माझं मत थोडं वेगळं आहे. रोग कुठून कुठे सरकतोय हे पाहायचं असेल तर क्लस्टरचा गोल नेमकं तेच झाकतो. तो कामी येतो ते एकाच जागी अनेक नोंदी असतात तेव्हा. ग्रामपंचायतीत बसून भरलेल्या फॉर्मांचे अक्षांश-रेखांश सारखेच येतात. अशा वेळी शेवटच्या झूमला क्लस्टर उलगडून प्रत्येक नोंद वेगळी दाखवतो.

ठिपके लाखांवर गेले की मॅपलिब्रे या दुसऱ्या नकाशा-लायब्ररीकडे वळा. मॅपबॉक्स या कंपनीने डिसेंबर 2020 मध्ये आपल्या नकाशा-लायब्ररीचा परवाना बदलला, तेव्हा जुन्या खुल्या कोडवरून हा प्रकल्प वेगळा निघाला. ठिपके ग्राफिक्स कार्ड रंगवतं, आणि क्लिक थराच्या नावाला जोडला की त्या जागची नोंद हातात मिळते.

जिओजेसनमध्ये रेखांश आधी लिहायचा असतो, अक्षांश नंतर. नागपूर म्हणजे 79.09, 21.15. लीफलेटचे मार्कर नेमका उलटा क्रम मागतात. अदलाबदल झाली तर संत्र्याची बाग आर्क्टिकमधल्या स्वालबार्डला जाऊन पोहोचते, आणि तुम्ही क्लिक का चालत नाही ते शोधत बसता.

या क्षेत्रात यायचं असेल तर आपलं नागपूर सोयीचं आहे. महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटर इथलंच, आणि माती सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्थाही अमरावती रोडवर आहे. मुलाखतीला जाताना आपल्याच तालुक्याचा एखादा चालता नकाशा फोनमध्ये ठेवा आणि समोरच्याच्या हातात देऊन त्यांनाच क्लिक करू द्या.