प्रवासाची जुनी छायाचित्रे आंतरजालावर देण्यापूर्वी

सोलापूरच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे कपाटात राहिलेल्या अल्बममधील छायाचित्रे अनेकदा प्लास्टिकला चिकटलेली असतात; ती ओढून काढू नयेत, प्लास्टिकसहच स्कॅन करावीत. नळदुर्गच्या पाणीमहालासमोर काढलेला ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केल्यास २४०० बाय ३६०० पिक्सेलची प्रतिमा मिळते. ही मूळ प्रतिमा टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइल-स्वरूपात जपून ठेवावी आणि पुढील सर्व काम तिच्या प्रतीवरच करावे, कारण जेपेग (फोटोंचे नेहमीचे, कमी जागा घेणारे स्वरूप) फाइल बदलून पुन्हा पुन्हा जतन केली की दरवेळी तिच्यातील थोडा तपशील कायमचा नाहीसा होतो.

आधी रंग सुधारावेत, कडा कापाव्यात आणि मगच आकार कमी करावा. लांब बाजू १६०० पिक्सेल ठेवणे मला पुरेसे वाटते. आकार बदलताना लांबी-रुंदीचे प्रमाण कायम ठेवले नाही, तर माणसे ताणलेली दिसतात आणि आपल्या आजीचा चेहरा असा बिघडलेला पाहणे खरोखर क्लेशदायक असते. लहान केलेली प्रतिमा किंचित मऊ, म्हणजे कमी रेखीव दिसते, म्हणून शेवटी हलका शार्पनेस द्यावा आणि १०० पैकी सुमारे ८० गुणवत्तेची, एसआरजीबी (आंतरजालावर सर्रास वापरली जाणारी रंगपद्धती) रंगांतील जेपेग प्रत तयार करावी.

छायाचित्रातील हयात व्यक्तींची संमती मात्र आधीच घ्यावी.