बांधकामाच्या साइटवरची आग : या चुका टाळा

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आग विझवणारी यंत्रणा सर्वांत शेवटी बसते आणि आग लावणारे सामान पहिल्या महिन्यापासून आत असते. स्प्रिंकलर, फायर डोअर आणि धुराचे डिटेक्टर ताबा देण्याच्या सुमारास येतात. गॅस कटर, थिनरचे डबे, थर्माकोल, शटरिंगचे प्लायवूड आणि तात्पुरत्या वायरी त्याच्या कितीतरी आधी आलेल्या असतात. त्यामुळे ‘काँक्रीटची इमारत आहे, तिला काय आग लागणार’ हा साइटवर सर्रास ऐकू येणारा समज सर्वांत घातक आहे. २१ जानेवारी २०२१ रोजी पुण्याजवळ मांजरी येथे काम चालू असलेल्या इमारतीला आग लागून पाच कामगारांचा जीव गेला, तेव्हा प्राथमिक माहितीत वेल्डिंगच्या ठिणग्यांचा आणि आतील ज्वलनशील इन्सुलेशनचाच उल्लेख झाला होता.

वेल्डिंग संपले म्हणजे धोका संपला, असे समजणे

नवव्या मजल्यावर प्लंबिंगच्या डक्टमध्ये फॅब्रिकेटर पाइपचा क्लॅम्प कापत असतो. त्याच्या पायाशी जागा झाडलेली असते, शेजारी वाळूची बादलीही असते. वितळलेल्या लोखंडाचा एक थेंब डक्टमधून खाली जातो आणि सहाव्या मजल्यावर दरवाजांच्या पॅकिंगमधून निघालेल्या पुठ्ठ्याच्या ढिगात पडतो. ज्वाळा दिसत नाही. पुठ्ठा कडेने काळा पडत जातो, धूर इतका थोडा असतो की सिमेंटच्या धुळीत तो कळत नाही, आणि सुटी होऊन सगळे खाली उतरल्यावर ढीग पेट घेतो.

माझ्या मते साइटवरच्या आगीचा निम्मा प्रश्न या मधल्या वेळेचा आहे. हॉट वर्कचा, म्हणजे ठिणग्या उडणाऱ्या वेल्डिंग-कटिंगसारख्या कामाचा, परवाना लिहिणारे बहुतेक जण काम कुठे चालणार आणि कोण करणार एवढेच लिहितात. खालच्या मजल्यावर काय पडले आहे आणि काम थांबल्यावर तिथे कोण थांबणार, हे रकाने कोरे राहतात. कामाभोवती सुमारे ११ मीटरपर्यंतचे जळणारे सामान हलवावे किंवा न पेटणाऱ्या चादरीने झाकावे, हा जगभर पाळला जाणारा नियम सपाट जागेसाठी ठीक आहे. उंचावर ठिणग्या त्याहून लांब जातात, म्हणून डक्ट, शाफ्ट आणि स्लॅबमधील भोके आधी बंद करावीत आणि खालच्या मजल्यावर एक माणूस उभा करावा. काम थांबल्यावर त्याने किमान एक तास तिथेच राहावे. हा माणूस म्हणजे दुसरे काम करता करता लक्ष ठेवणारा हेल्पर नव्हे. सुटीच्या वेळेआधी एक तास सगळे वेल्डिंग आणि कटिंग बंद करण्याचा नियम मुकादमाने पाळला, तर हे आपोआप जमते.

जाळी आणि फोम यांना किरकोळ सामान मानणे

१५ नोव्हेंबर २०१० रोजी शांघायमध्ये दुरुस्ती चालू असलेल्या २८ मजली निवासी इमारतीत परवाना नसलेल्या वेल्डरांच्या कामामुळे आग लागली. परांचीवरील नायलॉनची जाळी आणि पॉलियुरेथेन फोम यांमुळे ती इमारतभर पसरली आणि ५८ जण दगावले. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगच्या ताई पो भागातील वांग फुक कोर्ट या निवासी संकुलातही मोठी दुरुस्ती चालू होती. तिथे परांचीवरील जाळी आणि खिडक्यांवर लावलेले फोमचे तक्ते पेटत गेले, धोक्याच्या घंटांनी नीट काम केले नाही, आणि १५० हून अधिक माणसे गेली.

मुंबई-पुण्यातील सोसायट्यांच्या दुरुस्तीत हीच रचना रोज दिसते : बांबूची परांची, हिरवी जाळी, आणि आत नेहमीप्रमाणे स्वयंपाक करणारी कुटुंबे. जाळी घेताना ती आग पसरू न देणाऱ्या प्रकारची असल्याचे चाचणी-प्रमाणपत्र ठेकेदाराकडे मागावे. त्याखेरीज जाळीचा एक तुकडा कापून, मोकळ्या जागेत, पाण्याची बादली जवळ ठेवून पेटवून पाहावा. ज्योत काढल्यावरही तो जळतच राहिला आणि थेंब गाळू लागला, तर तो माल परत करावा. थेंब गाळणारी जाळी खालच्या प्रत्येक मजल्यावर नवी आग लावते.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणे

तात्पुरत्या डीबीवरचा (वीज वाटपाच्या पेटीवरचा) एमसीबी, म्हणजे भार वाढताच वीज तोडणारा स्विच, पडतो, कारण वायरीला न पेलणारा भार तिच्यावर आलेला असतो किंवा कुठेतरी जॉइंट भिजलेला असतो. मोठा एमसीबी बसवला की पडणे थांबते आणि वायर तापू लागते. भार वाटून द्यावा, टेप गुंडाळलेले जॉइंट काढून प्लग-सॉकेट वापरावेत, आणि एक्स्टेंशन बोर्डाची वायर रीळावर गुंडाळलेली ठेवून ग्राइंडर चालवू नये, कारण गुंडाळलेल्या वायरीतील उष्णता बाहेर पडत नाही.

डिटेक्टरवरची टोपी तशीच राहणे

धूळ आत जाऊ नये म्हणून नव्या डिटेक्टरवर प्लास्टिकची टोपी ठेवतात आणि ते योग्यच आहे. पण टोपी असेपर्यंत तो डिटेक्टर आंधळा असतो, हे कोणीतरी लक्षात ठेवायला हवे. फिनिशिंगच्या काळात धुळीमुळे खोटे अलार्म वाजू लागले की संपूर्ण झोन (एका भागातील डिटेक्टरांचा गट) बंद केला जातो आणि तो महिनोन्‌महिने बंदच राहतो. त्यापेक्षा धुळीच्या मजल्यांवर धुराऐवजी उष्णता ओळखणारे तात्पुरते वायरलेस डिटेक्टर, जिन्याजवळ हाताने दाबायचे कॉल पॉइंट आणि सर्व मजल्यांवर ऐकू जाईल असा भोंगा ठेवावा. झोन बंद करावाच लागला, तर तो कोणी बंद केला आणि किती वाजता चालू होणार, हे अलार्मच्या पॅनेलवरच लिहून चिकटवावे.

इशारा मिळणे आणि तो समजणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये डिटेक्टरने धूर वेळेत पकडला होता. पण सुरक्षारक्षक चुकीच्या छताखाली पाहायला गेला आणि सुमारे अर्धा तास वाया गेला. म्हणून पॅनेलवरची झोनची नावे वॉचमन बोलतो त्याच भाषेत असावीत : ‘बी विंग, सातवा मजला, लिफ्टसमोर’.

पाणी शेवटी बघू, म्हणणे

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार उंच इमारतीच्या बांधकामादरम्यान किमान १०० मिलिमीटर व्यासाचा ड्राय रायझर (एरवी कोरडा असणारा, आगीच्या वेळी खालून पाणी भरायचा उभा पाइप), झालेल्या मजल्यांवर हायड्रंटचे (आग विझवण्याची नळी जोडायचे) आउटलेट, प्रत्येक मजल्यावर २,००० लिटर पाणी आणि दोन बादल्या, तसेच किमान २०,००० लिटरची टाकी असायला हवी. ही टाकी बांधकामालाही वापरता येते आणि चूक तिथेच होते : क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यासाठी, ती संध्याकाळपर्यंत रिकामी केली जाते. बांधकामाच्या पाइपचा आउटलेट टाकीच्या तळाऐवजी वर घ्यावा, म्हणजे आगीसाठीचे पाणी कोणी मागितले तरी उपसता येणार नाही. स्लॅब वर जाईल तसा रायझरही वर गेला पाहिजे.

पेटलेल्या थिनरवर पाणी मारू नये, त्यासाठी ड्राय पावडरचे सिलिंडर वापरावे. आगीत तापलेल्या ॲसिटिलीनच्या सिलिंडरजवळ कोणी जाऊ नये. आग विझल्यावरही तो फुटू शकतो.

१०१ वर फोन करताना साइटचे जाहिरातीतले नाव न सांगता रस्ता आणि जवळची ठळक खूण सांगावी. एक माणूस लगेच गेटवर पाठवावा आणि त्याच्याकडे वरच्या मजल्यांवर गेलेल्यांची हजेरी द्यावी, कारण जवान पहिल्यांदा तीच विचारतात. रायझरचा इनलेट कुठे आहे, हे त्याला ठाऊक असावे, आणि त्या इनलेटसमोर वाळूचा ढीग नसावा.